अजून सुरक्षित नाही

सेमारांग, ४ ऑगस्ट १९९३

पाकदे आणि बुदे,

दोघा काका-काकूंच्या गुडघ्यांवर डोकं टेकवून नमस्कार. बाबा म्हणाले, "माझ्या थोरल्या भावाला लिही. जन्मभर त्याने बांधकाम खात्यात अहवालच लिहिले. घरी किराण्याची चिठ्ठी लिहिली तरी तिला अनुक्रमणिका असते." हे त्यांचं बोलणं, माझं नव्हे. राग आला तर त्यांच्यावर काढा.

नोकरीला लागून जेमतेम तीन महिने झाले आणि पहिलाच अहवाल अंगावर आला, तोही तुमच्या कार्सोयो गावच्या झुलत्या पुलाचा! ठेकेदाराने कळवलंय की पूल बांधून तयार आहे. खात्याने तो ताब्यात घ्यायच्या आधी आमच्या कंपनीने तपासायचा. मी जुलैत येऊन तपासून गेले. तुम्ही दोघं तेव्हा सोलोला लग्नाला गेला होतात. शेजारच्या काकूंनी चहा पाजला आणि माझं लग्न कधी, ते विचारून घेतलं.

मी चार पानी अहवाल लिहिला. आमचे साहेब पाक गुनार्दी यांनी तो दोन बोटांत धरला आणि म्हणाले, "म्बाक वेनिंग, हा उघडाबोडका आहे. याला कपडे घाला." पहिली ओळ मी लिहिली होती, 'पूल सुरक्षित नाही.' साहेबांनी चष्मा काढला. "नुसतं 'नाही'? असं तोंडावर? खातेप्रमुखांच्या? अहो, दारात आलेल्या माणसाला तरी कोणी असं 'नाही' म्हणतं का?" आणि स्वतःच्या पेनाने मध्ये एक शब्द घुसवला. आता वाक्य आहे, 'पूल अजून सुरक्षित नाही.'

सोबत प्रत पाठवते आहे. पाकदे, सोपा आणि स्पष्ट अहवाल कसा लिहायचा ते सांगा. कॉलेजात सगळं शिकवलं, हे तेवढं राहिलं.

तुमची,
वेनिंग


कार्सोयो, १३ ऑगस्ट १९९३

वेनिंग पोरी,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या बापाला सांग, अनुक्रमणिका होती म्हणूनच त्याच्या वहिनीने कधी मीठ विसरलं नाही.

आता तुझा अहवाल. वाचला, लाल पेनाने वाचला. अगं, हे काय लिहिलंस? 'ठोकळ्याच्या मागील बाजूस माती भरण्यात आलेली असल्याचे आढळून येते.' कोणी भरली? कोणाला आढळलं? भुताला? 'ठेकेदाराने माती भरली. मी पाहिली.' असं लिही. कर्ता लपवलेलं वाक्य म्हणजे चोरपावलांनी आलेला पाहुणा. अहवाल म्हणजे गामेलान नव्हे, सगळी वाद्यं एकदम वाजवायला. एका वाक्यात एकच गोष्ट. आणि मुख्य म्हणजे, वाचणाऱ्याने वाचून करायचं काय, ते पहिल्या वाक्यात आलं पाहिजे. ताकाला जाऊन भांडं लपवू नये.

हे झालं शास्त्र. व्यवहार सांगू? अहवाल कोणी वाचत नाही. लोक वाचतात ती प्रस्तावना, आणि तीही डोळ्यांनी नव्हे, तोंडाने. उद्घाटनाच्या मांडवात, माइकवर! देवाची कृपा, अमक्याचे आभार, तमक्याचे आभार, 'हा अहवाल परिपूर्णतेपासून फार दूर आहे, चूकभूल माफ असावी', की टाळ्या. आपल्याकडे हा रिवाज आहे आणि तो काही वाईट नाही. इतकी वर्षं मी अहवाल लिहिले, पण माझं ऐकून घेतलं गेलेलं लिखाण म्हणशील तर तेवढंच.

तुझ्या साहेबांनी 'अजून' घातलं ते मात्र रीतीला धरून आहे. तुझ्या बुदेला लोक अजूनही विचारतात, "मुलंबाळं?" ती म्हणते, "अजून नाही." बासष्टावं लागलंय तिला! विचारणाराही मान डोलावतो, जणू पुढच्या महिन्यात बारसं आहे. आपल्याकडे कोणाच्या तोंडावर दार आपटत नाहीत पोरी, हळूच लोटून घेतात.

बाकी तुझी बातमी वाचून हायसं वाटलं. अजून सुरक्षित नाही, म्हणजे थोडकंच काम उरलंय. ऑक्टोबरअखेर उद्घाटन धरायला हरकत नाही, असं मी ग्रामप्रमुखाला सांगून टाकलं. या पुलासाठी मी नोकरीत असल्यापासून अर्ज करतोय. कांग सारिदी नावाड्याच्या तराफ्यावरून दर बाजाराला बायका भाजीच्या टोपल्या घेऊन लटपटत जातात, ते बघवत नाही मला. उद्घाटन समितीत माझं नाव आहे. मी नव्या चपला घेतल्या.

तुझा,
पाकदे


सेमारांग, २५ ऑगस्ट १९९३

पाकदे,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. बुदेचं 'अजून नाही' म्हणजे 'नाही', हे तुम्हीच लिहिलंत. मग त्याच पानावर माझं 'अजून नाही' वाचून चपला कशा घेतल्या?

मी काय पाहिलं, ते तुमच्याच पद्धतीने सांगते. पुलाच्या केबली दोन्ही काठांवर एकेका काँक्रीटच्या ठोकळ्याला बांधल्या आहेत. अख्खा पूल या दोन ठोकळ्यांच्या जिवावर लटकतो. नकाशाप्रमाणे दोन्ही ठोकळे खडकात हवेत. पश्चिमेकडचा आहे. पूर्वेकडचा ठेकेदाराने भरावाच्या मातीत बसवला. मी आले त्याच्या आधी दोन दिवस अवेळी पाऊस पडून गेला होता. ठोकळा आणि मागची माती यांच्यामध्ये माझा हात मनगटापर्यंत गेला. ठोकळा नदीकडे सरकतोय, पाकदे. खरा पावसाळा, नोव्हेंबरातला, अजून यायचाय, आणि हा 'अजून' मात्र खराखुरा आहे.

हे सगळं अहवालात होतं. साहेबांनी ते परिशिष्टात ढकललं. पुढे नदीचा इतिहास, हवामान, लोकसंख्या आणि कंपनीच्या संचालकांचे फोटो घातले. आता अहवाल इतका जाड झालाय की कचेरीतला शिपाई दार उघडं ठेवायला तोच लावतो. मी म्हटलं, "साहेब, जखम मांडीला आणि मलम शेंडीला." ते म्हणाले, "तुम्ही तरुण आहात. मलम कुठेही लागलं तरी रोगी खूश होतो."

खात्याकडून उत्तरही आलं. 'आपल्या अहवालानुसार पूल अजून सुरक्षित नसल्याने उद्घाटन ऑगस्टऐवजी ३० ऑक्टोबरला ठेवण्यात येत आहे.' साहेब म्हणतात, बघा, तुमचं म्हणणं मान्य झालं!

वेनिंग


कार्सोयो, ९ सप्टेंबर १९९३

वेनिंग,

तुझं पत्र मिळालं. त्यातला सूर मला आवडला नाही. बुदेलाही आवडला नाही, पण ती म्हणाली, "पोरगी बरोबर असेल तर?" तेव्हा ती बाजूला राहो.

मी स्वतः जाऊन ठोकळा पाहिला. मागे फट कुठे आहे? हिरवंगार गवत आहे. ठेकेदाराचा मुकादम भला माणूस, स्वतः येऊन म्हणाला, "पाक, माती नवीन आहे, बसेल हळूहळू." त्याने मला खुर्ची आणून दिली. मी बांधकाम खात्यात पूल पाहत होतो तेव्हा तुझा बाप शाळेत पाटी फोडत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करू नये.

आणि एक सांगतो. तुझ्या मनात 'नाही' होतं तर कागदावर 'अजून नाही' का लिहिलंस? साहेबांनी घातलं म्हणतेस, पण खाली सही कोणाची आहे? इंजिनिअरच्या मनात काय आहे ते कोणी वाचत नसतं. कागदावर काय आहे त्यावरून आम्ही चालतो. मी लिहिल्याप्रमाणे अर्थ लावला. माझं चुकलं काय?

समितीने दोन ठराव केले. प्रस्तावना माइकवर मी वाचायची, कारण माझा आवाज अजून खणखणीत आहे. आणि फीत कापली की पुलावरून पहिल्यांदा जायचं मी आणि बुदेने. आमच्यामागे शाळेची मुलं झेंडे घेऊन. बुदेने कबाया शिवायला टाकली आहे, जांभळी. तिला इतकी खूश मी कित्येक वर्षांत पाहिली नाही. ते घालवू नकोस.

पाकदे


सेमारांग, २ ऑक्टोबर १९९३

पाकदे,

सहीचं तुमचं बोलणं लागलं. लागायलाच हवं होतं, कारण खरं आहे. तेव्हा यापुढे मी जे लिहिते ते लिहिल्याप्रमाणेच वाचा.

पूल सुरक्षित नाही. तुम्ही त्यावर पाय ठेवू नका. बुदेला ठेवू देऊ नका. मुलांना ठेवू देऊ नका.

साहेबांशी भांडले. ते म्हणाले, एकदा गेलेला अहवाल परत मागवणं म्हणजे वाढलेलं ताट उचलणं. खातेप्रमुखांना फोन केला. ते बैठकीत होते. दुसऱ्या दिवशीही बैठकीत होते. बहुतेक तिथेच राहतात.

आता उद्घाटनासाठी अहवालाची खास प्रत बांधायची आहे, बाटिकच्या कव्हरात. तिची प्रस्तावना लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण ते कोणालाच नको असतं. साहेब म्हणाले, "जुन्यातून उतरवून काढा, मला दाखवायचीही गरज नाही." चला, निदान आभार मानायला तरी शिकते. तुम्ही वाचणार म्हटल्यावर वाक्यं आखूड ठेवेन, दम लागायला नको.

बुदेला नमस्कार. कबायाचा रंग तिला छान दिसेल.

वेनिंग


कार्सोयो, ३ नोव्हेंबर १९९३

पोरी,

आधी तुझा कान पिळतो, मग पुढचं.

नदीकाठी हा मोठा मांडव. खातेप्रमुख आले, ठेकेदार आला, तुझे पाक गुनार्दी आले, केसांना तेल लावून. पिवळ्या भाताचा डोंगर माझ्या छातीइतका उंच, टोकाला लाल मिरची. पोरींचा नाच झाला. मग माझं नाव पुकारलं. मी चष्मा लावला, गळा साफ केला, बाटिकचं कव्हर उघडलं. देवाची कृपा वाचली. जिल्ह्यापासून गल्लीपर्यंत सगळ्यांचे आभार वाचले. वाक्यं खरोखर आखूड होती, मनात म्हटलं, शिकली पोरगी! मग आलं, 'हा अहवाल परिपूर्णतेपासून फार दूर आहे.' लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले. आणि त्याच्या खाली, त्याच टायपात, त्याच सभ्यपणे:

'पूलही. त्याचा पूर्वेकडचा ठोकळा सुटत आहे. या पुलावर एकाही माणसाने पाय ठेवू नये.'

जिभेला सवय असते, समोर छापलेलं ती वाचत जाते. 'पूलही' तोंडातून निघून गेलं तेव्हा मी थांबलो. तिथेच 'धन्यवाद' म्हणून मिटलं असतं तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. मी तेच करणार होतो. तुझा असा संताप आला होता! भर सभेत म्हाताऱ्या काकाला जाळ्यात धरतेस? पण वर पाहिलं तर तुझी बुदे पुलाच्या तोंडाशी, फितीला टेकून उभी. जांभळी कबाया, नव्या चपला, एक हात आधीच दोरावर. ती माझ्याकडे बघून हसली. आणि मला भीती वाटली, वेनिंग. नव्या मातीवर एवढ्यात दाटलेलं ते गवत, ती खुर्ची, तो मुकादमाचा गोड आवाज, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. कोणत्या मुकादमाने मला नोकरीत असताना फुकट खुर्ची दिली होती? मी वाचलं. मोठ्याने वाचलं.

खातेप्रमुख हसत उठले. "पाक सुदार्सो, वाचताना 'अजून' गाळलंत वाटतं? अजून पाय ठेवू नये, असं असेल ते."

मी म्हणालो, "नाही, साहेब."

"म्हणजे अजून..."

"म्हणजे नाही."

माइक चालू होता. पलीकडच्या काठावर म्हशी चारणाऱ्यांनीसुद्धा ऐकलं.

पण माणूस मुरलेला. त्याने शांतपणे कात्री घेतली, फीत कापली आणि जाहीर केलं की पुलाचं उद्घाटन झालेलं आहे, मात्र तूर्त नागरिकांनी पुलाचा आनंद काठावरून घ्यावा. टाळ्या झाल्या! भात संपला. मग पलीकडचे पाहुणे तराफ्याने घरी गेले.

एकदा माइकवरून ऐकल्यावर 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायची सोय कोणालाच उरली नाही, म्हणून ग्रामप्रमुखाने पुलाच्या दोन्ही तोंडांना आडवे बांबू बांधले. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. समितीतून माझं नाव काढलं. बाजाराला जाणाऱ्या बायका तराफ्यावर चढताना मुद्दाम माझ्या ओट्याकडे तोंड करतात: "पूल आहे हो आपल्याला! बघायला आहे! म्हाताऱ्याला वाचायला कोणी सांगितलं होतं कोण जाणे!" या बायकांसाठी मी अर्ज केले, आणि आता त्यांच्या तोंडचा प्रसाद मीच खातोय.

मला आधी का नाही सांगितलंस? तुझ्यावर रागावलो आहे. बुदे रागावलेली नाही. ती म्हणते, कबाया कोणाच्या तरी लग्नात होईल, आणि तुझ्याकडे बघून उसासा टाकते. म्हणजे तुझ्या फोटोकडे.

पाकदे


सेमारांग, १७ नोव्हेंबर १९९३

पाकदे,

गुडघ्यांवर डोकं ठेवून माफी मागते. तुम्ही उचलेपर्यंत उठत नाही, असं समजा.

आधी सांगितलं असतं तर तुम्ही तीन पानी पत्र लिहून, प्रस्तावनेत तांत्रिक मजकूर घालणं कसं अप्रशस्त, ते मला पटवलं असतं. मग छानपैकी आभार वाचून, बुदेचा हात धरून पुलावर गेला असता. मला दुसरं काही सुचलं नाही. तुम्ही म्हणाला होतात की ऐकून घेतात ती प्रस्तावनाच. त्या दिवशी कचेरीत फोनजवळ बसले होते. फोन वाजला तर उचलायचा कसा, याची भीती वाटत होती. वाजला तो पाक गुनार्दींचा, ओरडायला. इतकं गोड ओरडणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

नोकरी राहिली. काढायचं तर कारण लिहावं लागेल, आणि कारण लिहायचं तर पुलाबद्दल लिहावं लागेल, म्हणून राहिली. मला बाजारातल्या मुताऱ्यांच्या अहवालावर टाकलंय. कंपनीत नवा नियम निघाला: प्रस्तावना तीन साहेबांनी तपासायची आणि तिच्यात प्रकल्पाविषयी काहीही लिहायचं नाही. खाली जोडलंय की अहवाल स्पष्ट असण्यावर कंपनीचा भर आहे.

ठेकेदाराला दुरुस्तीचा हुकूम गेला का, म्हणून खात्यात विचारलं. कारकून फारच अदबशीर होता. त्याने काय उत्तर दिलं असेल ते तुम्ही ओळखा.

लोक तुमच्याशी वाईट वागतात हे वाचून रडू आलं. खरंच आलं. पण पाकदे, पावसाळा लागलाय. कोणी ते बांबू सोडायला लागलं तर सोडू देऊ नका. अजून थोडं वाईट व्हा.

वेनिंग


कार्सोयो, २० जानेवारी १९९४

वेनिंग,

पूल काल दुपारी पडला. रात्रभर पाऊस झाला होता, सकाळी उघडला. पूर्वेकडचा ठोकळा मातीसकट नदीत गेला आणि पूल त्याच्यामागे गेला.

त्यावर कोणी नव्हतं.

काल पोन वार होता, आमच्या बाजाराचा दिवस. बायका टोपल्या घेऊन वरच्या अंगाला तराफ्यावर होत्या, नदीच्या मधोमध, आणि मला शिव्या देत होत्या. मी ओट्यावरून ऐकत होतो. सगळ्या काठाला लागल्या.

पाकदे